डाव्या हाताची कात्री

कात्री घ्यायची असेल तर दुकानात कागद कापून बघू नका. कागद कुठलीही कात्री कापते. कापसाचा बोळा ओला करा आणि पात्यांच्या अगदी टोकाशी धरा. टोकाला कापला गेला तर घ्या, नुसता चिमटला तर ठेवून द्या. आमच्या कामात सगळं टोकालाच असतं.

आमचं काम म्हणजे माशी बांधायचं. खोटी माशी. परदेशात लोक हौसेखातर मासे धरतात आणि गळाला गांडूळ लावायच्या ऐवजी अशी माशी लावतात. बारीक गळावर दोरा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याचं पीस, लोकर, चमकी तार बसवायची आणि वरून गाठ मारायची. पाण्यावर ती किड्यासारखी दिसते आणि मासा फसतो म्हणे. मी कधी फसलेला बघितला नाही. हैदराबादचा एक ठेकेदार नांदेडला आमच्या गल्लीत सामान आणून टाकायचा आणि तयार माल घेऊन जायचा. प्रत्येक माशीला इंग्रजी नाव होतं, ते आम्हाला कधी बोलता आलं नाही. आम्ही आमची नावं पाडली. लाल ती मिरची, पांढऱ्या पिसांची ती म्हातारी.

मी चौथी शिकले. उमरीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन नांदेडला आले. नवरा लवकर गेला. घरात मी, सासू, दीर आणि धाकटी जाऊ. जाऊ आणि मी एकाच टेबलावर माशा बांधायचो. हे तिच्याबद्दल आहे, पण हत्यारांचं सांगितल्याशिवाय तिचं सांगता येत नाही.

पहिलं हत्यार शिकंजा. टेबलाच्या कडेला आवळायचा आणि त्याच्या जबड्यात गळ धरायचा. शिकंजा चांगला आहे का ते बघायचं तर गळाला नखानं टिचकी मारा. तारेसारखा आवाज आला तर पकड बरी. गळ नुसता हलला तर तो शिकंजा दिवसभर तुमचं डोकं फिरवील. दुसरी नळी. तिच्यातून दोरा येतो. तिच्या तोंडाला कंगोरा असेल तर दोरा ऐन वेळेला तुटतो, म्हणून नवी नळी आली की आम्ही तिच्यातून दंतमंजन लावलेला जाड दोरा पुढंमागं ओढायचो, तोंड गुळगुळीत होईपर्यंत. तिसरा चिमटा, पीस धरायला. घट्ट असला तर पीस मोडतो, सैल असला तर सोडून देतो. हा चिमटा दुकानातून कधीच बरोबर मिळत नाही, घरी आणून वाकवून वाकवून आपला करावा लागतो. मग सुई, बाभळीच्या काडीत ठोकलेली. आणि कात्री. पिसाची वेगळी आणि तारेची वेगळी. पिसाच्या कात्रीनं तार कापली की ती कात्री मेली.

आता जाऊ. ती डावरी होती.

घरात ते कुणाला सहन होत नव्हतं. वाढायला डावा हात पुढं आला की सासू तिच्या त्या हाताला फडकं बांधायची आणि ते फडकं स्वयंपाक होईपर्यंत सुटायचं नाही. जाऊ मग उजव्या हातानं भाकरी थापायची, वाकडीतिकडी. पण टेबलावर सासूचं चालत नव्हतं, कारण माशी खराब झाली की ठेकेदार ती परत फेकायचा. तिथं जाऊचा डावा हात मोकळा होता. तिनं शिकंजा टेबलाच्या समोरच्या कडेला लावला, गळाचं तोंड दुसऱ्या बाजूला केलं आणि माझ्यासमोर बसली. आम्ही दोघी आरशात बघितल्यासारख्या काम करायचो. माझा उजवा वर गेला की तिचा डावा वर.

डाव्या हातानं गुंडाळलेला दोरा गळावर उलटा बसतो. हे ठेकेदाराला दिसत नाही, माशाला तर नाहीच. पण आमच्या गल्लीतल्या बायकांना दिसायचं. आमच्याकडं वडाला सूत गुंडाळायचं असो की नवरीच्या हाताला कांकण, दोरा एकाच बाजूनं फिरतो. उलटा फिरतो तो मयताच्या विधीला. शेजारची एक म्हातारी आत्या दारात येऊन बसायची. ती एकदा म्हणाली, "बये, मेलेल्याचा दोरा गुंडाळायलीस का काय?"

"मासा तरी कुठं जित्ता राहणार हाय आत्या," जाऊ म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

आत्या बोटं मोडत उठली. आम्ही दोघी हसलो. तिला हसताना मी फक्त त्या टेबलावर बघितलं.

सगळी हत्यारं तिनं आपल्या हाताला वळवली, पण कात्री वळेना. साध्या कात्रीत वरचं पातं उजवीकडं असतं. ती डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि पीस कापायच्या ऐवजी मध्ये दुमडतं. बाजारात तिच्या हाताची कात्री मिळत नव्हती. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडली तेव्हा ती माझी कात्री नमुन्याला घेऊन गेली. मी बरोबर होते.

"ह्याच्या उलटी करून द्या," ती म्हणाली.

घिसाड्यानं कात्री फिरवून फिरवून बघितली. "बाई, म्या आजवर अशी ठोकली न्हाई. आरशातली कात्री मागायलीस तू."

"तुमी ठोका. ती उलटी हाय का सुलटी ते माझा हात बघंल."

त्याची बायको भाता मारता मारता हसली आणि म्हणाली, "दे ठोकून, लई दिवसांनी कुणीतरी नवं मागायलंय." त्यानं ठोकली. काळी, आखूड, आणि मुठीच्या एका कडीवर हातोड्याचा चुकलेला घाव, तांदळाएवढा. ती कात्री तिच्या हातात अशी चालायची की आवाज यायचा नाही. मी एकदा उजव्या हातात घेऊन बघितली. पीस दुमडलं.

त्यानंतर एका नवरात्रात ती गल्लीतल्या बायकांबरोबर माहूरला गेली. तिची मुलगी तेव्हा पाळण्यातून नुकती खाली आली होती. तिला माझ्याकडं ठेवलं. देवीचं दर्शन झालं, बायका पायऱ्या उतरल्या. ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, मी पाणी पिऊन आले." गर्दी होती. बायका खाली थांबल्या, मग परत वर गेल्या. ती नव्हती.

दिरानं डोंगर पालथा घातला. दऱ्या बघितल्या. इस्लापूरकडं कुणी एक बाई बघितली म्हणून सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत जाऊन आला. तो म्हणायचा, कुठंतरी पाय घसरला असेल, जनावरानं नेलं असेल. गल्ली म्हणायची, कुणाबरोबर गेली. सासू म्हणायची, डावरी होती, तिचं सगळं वाकडंच. मी एकच गोष्ट सांगत होते आणि ती कुणी ऐकत नव्हतं. तिच्या डब्यात शिकंजा होता, नळी होती, चिमटा होता, सुई होती. कात्री नव्हती. देवीला जाताना कुणी कात्री नेत नाही.

तिचा शिकंजा मी काढला नाही. समोरच्या कडेला तसाच राहू दिला. मुलगी माझ्याजवळ वाढली, मला मोठी माय म्हणायला लागली. सासू गेली. आणि मी काम करताना मेणाचा तुकडा वापरून झाला की टेबलाच्या पलीकडं सरकवते. दोऱ्याला मेण लावून झालं की तिच्याकडं सरकवायची सवय होती. मेण पलीकडच्या कडेला जाऊन थांबतं. मग मी उठून, टेबलाला वळसा घालून, ते परत घेते. अजून घेते. सवय गेली नाही, आणि मी ती घालवायला गेले नाही.

आता डोळ्यांनी नवीन माशी होत नाही. ठेकेदार मला परत आलेला माल देतो. नांदेडचा, लातूरचा, इकडून तिकडून सगळ्या ठिकाणचा खराब माल, प्रत्येक गावची पिशवी वेगळ्या खुणेची. मी भिंग लावून तो उसवते, गळ सोडवून ठेवते. गळ पुन्हा वापरता येतो.

गेल्या वर्षी त्या मुलीचं, माझ्या पुतणीचं, लग्न जमलं. मुलगा उमरीचा, घरचं शेत, मुलगी नांदेडला औषधाच्या दुकानात कामाला आहे याचंही त्यांना काही वाटलं नाही. पण मुलाचा चुलता बैठकीत म्हणाला, "पोरीची माय हाय म्हणावं तर हळदीला न्हाई. न्हाई म्हणावं तर तिचं दिवसपाणी झालं न्हाई. अशा घरात आमी अक्षता कशा टाकाव्या?" सगळ्यांनी माना हलवल्या. हरवलेल्या माणसाची रीतीप्रमाणं वाट बघून झाली की त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, दोऱ्यानं बांधतात आणि जाळतात. मग ते माणूस मेलं असं धरतात. दीर म्हणाला, करून टाकू. दिवस ठरला, गोदावरीच्या घाटावर.

त्याच आठवड्यात ती माशी माझ्या हातात आली.

म्हातारी होती, पांढऱ्या पिसांची. पीस एका बाजूला कललं होतं म्हणून परत आली असणार. मी गाठ सुईनं सैल केली, दोऱ्याचं टोक धरलं आणि नेहमीसारखा आपल्याकडं ओढत सोडायला लागले. दोरा सुटेना. मी ओढत होते तसा तो गळावर आणखी गुंडाळला जात होता. मी हात थांबवला. मग उलट्या बाजूनं फिरवला. तो सगळाच्या सगळा सरळ सुटला, कुठं अडकला नाही.

 समोरचा शिकंजा होता तसा होता. मी उठले आणि त्याच्यावरची धूळ पुसली. का पुसली माहीत नाही.

जुनी राहिलेली माशी असेल म्हणावं, तर दोरा चपटा, चमकणारा. हा दोरा ठेकेदारानं अलीकडं आणला. तिच्या काळात तो नव्हताच. म्हणजे माशी तिच्या जाण्यानंतर बांधलेली.

मी दिराला दाखवली. तो रिक्षा पुसत होता. म्हणाला, "वहिनी, जगात डावरी ती एकटी न्हाई."

"न्हाई. पण जित्या बाईला जाळायचं का न्हाई, तेवढं तर बघावं लागंल."

"तुमी बघा," तो म्हणाला. "मी लई बघितलं." आणि पुढची काच पुन्हा पुसायला लागला. ती आधीच स्वच्छ होती.

पुतणीला मी सगळं सांगितलं. तिनं ठेकेदाराला फोन लावला, पिशवीवरची खूण सांगितली. तो म्हणाला, तो माल लातूरचा, डाळीच्या गिरणीमागं एक खोली आहे, तिथं बायका बसतात. पुतणी म्हणाली, "मोठी माय, तू जाऊन ये. मी येत न्हाई."

"का गं?"

"मी आले आन् ती तिथं असली, तर मला काय म्हणून हाक मारंल ती?"

मी सकाळच्या एसटीनं लातूरला गेले. सगळा रस्ता मी एकच विचार करत होते, समोर आली तर पहिलं काय बोलायचं. काही सुचलं नाही. तिचं तोंडसुद्धा नीट आठवेना. हात आठवत होता.

खोलीत पाचसहा बायका शिकंज्यावर वाकून बसल्या होत्या. मी दारात उभी राहून हात बघत गेले. सगळ्या उजव्या. खिडकीपाशी एक टेबल रिकामं होतं आणि त्याचा शिकंजा पलीकडच्या कडेला लावलेला होता.

जवळच्या बाईनं मला पाणी दिलं. माझ्याएवढ्याच वयाची, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. ती फक्त दोऱ्याचं काम करत होती. पीस लावायची वेळ आली की गळ शेजारणीकडं द्यायची.

"तुमी पिसाला शिवत न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई बाई. घरात चालत न्हाई आमच्या."

"आन् माशाचा गळ चालतो?"

"मी दोरा गुंडाळते," ती म्हणाली. "मासा कोण धरतो, कोण खातो, ते त्याचं तो बघंल." शेजारीण खुदकन हसली. मग बाईनं विचारलं, "कुणाला बघायलाव तुमी?"

मी रिकाम्या टेबलाकडं बोट केलं.

"ती होय. गेली की. दिवाळीच्या आधीच गेली."

"कुठं?"

"सांगून जाती तर गेली कशाला म्हणावं?" ती उठली, खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यातून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. "ही ठेवून गेली. कुणालाच चालत न्हाई. आमी धार लावून बघितली. तरी पीस दुमडतं."

काळी, आखूड कात्री. मी मुठीवरून अंगठा फिरवला. तांदळाएवढा घाव तिथंच होता. पाती खूप झिजली होती. इतकी झिजायला किती पिसं कापावी लागतात ते मला कळतं.

"कशी होती?" मी विचारलं.

"कामाला चोख. बोलायला न्हाई. भाकरी मात्र वाकडी थापायची, आमी हसायचो."

"घरचं काय सांगायची?"

"इस्लापूरकडची म्हणायची. मागं कुणी न्हाई म्हणायची."

"पोरबाळ?"

"कुणी न्हाई म्हटल्यावर त्यात सगळंच आलं न्हवं?" तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी कोण तिच्या?"

"जाऊ," मी म्हणाले.

त्या बाईनं कात्री एका कापडात बांधून दिली. मी परत निघाले तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका हात थांबवून माझ्याकडं बघत होत्या. कात्री पिशवीत होती आणि पिशवी मांडीवर. ती जड नव्हती, पण नांदेड येईपर्यंत मांडीला मुंग्या आल्या.

घरी आल्यावर पुतणीला शब्दाला शब्द सांगितलं. ती ऐकत राहिली. मग कापड सोडलं, कात्री उजव्या हातात घेतली आणि टेबलावरचा एक पांढरं पीस कापायला गेली. दुमडलं. डाव्या हातात घेतली. त्या हाताला कात्री धरायचीच सवय नव्हती, बोटं कडीत नीट बसेनात. तिनं ती खाली ठेवली.

"इतकी वर्षं लातूरला होती?"

"किती होती ठाऊक न्हाई. पण होती."

"एसटीनं जाऊन सांजच्याला माघारी येता येतं, तिथं."

"हाव."

"आन् मागं कुणी न्हाई म्हणाली."

"हाव."

 "मग तिच्या शब्दाला मान देऊ," ती म्हणाली. "दिवस ठरलाय तसा होऊ दे."

"पोरी, ती जित्ती असंल."

"असू दे की. मी कुठं तिला मारायले? ती तिकडं जगू दे. पण माझ्या लग्नाच्या मांडवात दाराकडं बघत बसायचं न्हाई मला. लहानपणापासून बघून राहिले मी. तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. दाराची कडी वाजली की ती जेवता जेवता मान वर करायची.  निर्णय तिचा होता, तिच्या आईचा नव्हता आणि माझाही नव्हता.

घाटावर किनवटकडून आणलेली पळसाची पानं होती. देठ एकत्र धरून हात, पाय, धड करायचं आणि दोऱ्यानं बांधायचं होतं. डोक्याला नारळ. दिराला बांधता येईना, देठ परत परत सुटत होते. गुरुजी म्हणाले, कुणी जाणतं बांधा. मी पुढं झाले. बांधणं हेच तर मी आयुष्यभर केलं.

गुरुजींनी सांगितलं, "दोरा उलटा गुंडाळा, मयताचा हाय."

मी दोरा हातात घेतला. उलटा म्हणजे तिचा सुलटा. त्या दोऱ्यानं ती रोज काम करत होती, हसत होती. तो मयताचा नव्हता. आणि माझा सुलटा दोरा नवरीच्या कांकणाचा, वडाच्या सुताचा, जित्या माणसांचा. मी माझ्या हातानं, माझ्या बाजूनं गुंडाळला. घट्ट, एकाला एक लागून, वर गाठ. गुरुजी मंत्र बघत होते, दीर पाण्याकडं बघत होता. कुणाला दिसलं नाही. पुतणीला दिसलं असावं, कारण तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि मान खाली घातली.

पुतळा जळायला वेळ लागला. पानं ओली होती, धूर झाला. दोरा आधी जळाला.

लग्न झालं. पुतणी उमरीला गेली. बसायला येते तेव्हा दाराकडं बघत नाही, हे मी पाहिलं आहे. तिच्या आईचं नाव आता कुणी काढत नाही, मेलेल्या माणसाचं काढतात तसं सणावारीसुद्धा नाही.

कात्री मी समोरच्या कडेला ठेवली आहे, शिकंज्याशेजारी. आठवड्याला तेलाचा बोळा फिरवते. या घरात तिला हात नाही, पण गंजू द्यायची नाही.

परत आलेल्या मालाच्या पिशव्या येतात. आता कुठून कुठून येतात ते मी विचारते. हिंगोली, बीदर, निलंगा. एकेक माशी भिंगाखाली घेते, गाठ सैल करते, टोक धरते आणि आपल्याकडं ओढते. एखादा उलटा निघतो का बघते. दोरा सुटतो. मी दुसरी घेते. त्या एका माशीनंतर आजवर सगळे माझ्याच बाजूनं सुटले आहेत. मेण मी पलीकडं सरकवते, ते कडेला जाऊन थांबतं, आणि मी उठून वळसा घालून ते घेऊन येते.